गावाची शीव कोणी दाखवली?



आपल्या परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर महाराष्ट्र शासनाने १९६७ साली छापले. जाडजूड ग्रंथ आहे. त्यात गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्या आहेत, ज्वारी-कापसाचे पीक आहे, बाजारपेठा आहेत, जुनी देवळे आहेत. पण शंभर-सव्वाशे उंबऱ्यांची वाडी त्यात शोधू गेलात तर हाती काही लागत नाही. मानवतहून कोल्ह्याकडे जा, केकरजवळ्याकडे जा, रामपुरीकडे जा. मधे लागणारी कितीतरी खेडी अशी आहेत की ज्यांच्यावर आजवर एक पानही कोणी लिहिलेले नाही. जनगणनेच्या पुस्तकात त्यांची एक ओळ असते. एकूण लोकसंख्या अमुक, त्यात अनुसूचित जाती तमुक. बस्स. एवढाच त्या गावाचा छापील इतिहास.

आता कोणी म्हणेल, वाडीला कसला आला इतिहास? तिथे ना लढाई झाली, ना राजा जन्मला. मी म्हणतो, शेती झाली ना? पिढ्यान् पिढ्या माणसे जगली ना? कोणी कोणाच्या शेतात राबले, पाणी कोणाला मिळाले, जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हाच तर खेड्याचा खरा इतिहास. आणि तो आपल्याला माहीत असणे ही हौसेची गोष्ट नाही. त्यावर आपल्या माणसांची भाकरी अवलंबून आहे. कशी, ते पुढे सांगतो.

गावात जाऊन इतिहास विचारला की तीन गोष्टी सांगितल्या जातात. देऊळ कसे स्वयंभू आहे, पाटलाचा वाडा किती खणांचा होता आणि एखादा साधू गावात कसा येऊन राहिला. या तिन्ही गोष्टींत आमची वस्ती कुठेच नसते. आमच्या म्हाताऱ्यांना विचारले तर तेही आधी देवळाचीच गोष्ट सांगतात. स्वतःची गोष्ट सांगण्यासारखी आहे, असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नाही.

जुने लोक म्हणत, गाव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे घरांची जागा. काळीत आमचा वाटा होता तो नोकरीच्या बदल्यातला. कुठे त्याला हाडोळा म्हणत, कुठे महारकी. पांढरीत आमची जागा गावकुसाच्या बाहेर. पण या दोन्हींच्या कडेने जी रेघ जाते, ती शीव, तिच्याबाबत मात्र सगळे गाव आमच्या माणसावर अवलंबून होते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराला पुढे करत. त्याने शपथ घ्यायची आणि शीव पायाने चालून दाखवायची. तो जिथून चालला ती शीव. पेशवाईच्या काळातल्या कागदांत अशा तंट्यांची नोंद आहे आणि इंग्रजी अमलात गावगाड्यावर लिहिणाऱ्यांनीही ही रीत नोंदवली आहे. म्हणजे पाहा, ज्याला देवळात पाय ठेवायची बंदी, त्याचा पाय जिथे पडेल ती गावाची हद्द! सरकारचा सारा तहसिलीत पोचवणारा तोच, गावात कोण आला कोण गेला ते सांगणारा तोच, जन्म-मृत्यूची वर्दी देणाराही बहुधा तोच. सगळ्या गावाची माहिती त्याच्या डोक्यात होती. लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात होती.

आपल्या भागात या लेखणीची भाषासुद्धा वेगळी होती. आपण निजामाच्या राज्यातले. सरकारी दफ्तर उर्दूत चाले, साल फसली असे, महिने आजूर, दय, बहमन असे फारसी. म्हणून जुना कागद हातात आला की आपली मुले घाबरतात. घाबरू नये. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक धरून चालायचे. १३५८ फसली म्हणजे १९४८ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले साल. उर्दू वाचणारा जुना माणूस मानवतला, पाथरीला अजून भेटतो. चहा पाजला तर आनंदाने वाचून देतो, आणि वाचता वाचता त्याच्याही घरची चार गोष्टी सांगतो.

निजामाच्या राज्यात सगळी गावे एका प्रकारची नव्हती. काही दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाची. काही सर्फेखास, म्हणजे त्यांचे उत्पन्न थेट निजामाच्या खाजगीत जाणारे. काही जहागिरीची. गावाच्या नावापुढे 'जहागीर' असा शब्द अजून लागलेला दिसला तर तो त्याच काळाचा शिक्का समजावा. आपले गाव यांपैकी कोणते होते, हे पहिल्यांदा शोधले पाहिजे, कारण कागद कुठे सापडतील ते त्यावर ठरते. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. १९४९ च्या फेब्रुवारीत सर्फेखास सरकारजमा झाले आणि ऑगस्टमध्ये जहागिऱ्या गेल्या. १९५० साली हैदराबादचा कूळकायदा आला, १९५४ साली इनामे रद्द करण्याचा कायदा आला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. पहिल्या सातआठ वर्षांत एवढे कायदे बदलले की आमच्या आजोबांना ते कळायच्या आत शेताच्या बांधावरचा माणूस बदलून गेला.

या धांदलीत एक कागद तयार झाला. त्याचे नाव प्रत्येकाने पाठ करावे. तो म्हणजे १९५४-५५ चा खासरा पाहणी पत्रक. गावातला प्रत्येक सर्व्हे नंबर, त्याचे क्षेत्र, धारक कोण, प्रत्यक्ष कसतो कोण, हे त्यात लिहिलेले आहे. मराठवाड्यातल्या जमिनीच्या दाव्यांत अजूनही हाच कागद काढून दाखवतात. मी स्वतः कारकून माणूस. रकाने पाहण्यात माझे आयुष्य चालले आहे. माझ्या मते या कागदातले भरलेले रकाने जितके बोलतात, तितकेच न केलेले रकाने बोलतात. मालकाला रकाना आहे. कुळाला रकाना आहे. सालगड्याला रकाना नाही. गुढीपाडव्याला साल धरायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत रात्रंदिवस राबायचे, अशी ज्या माणसाने त्याच शेतात वीस साले घातली, त्याचे नाव त्या शेताच्या कागदावर कुठेच नाही. कूळकायदा आला तेव्हा ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते त्याला कायद्याचा आधार मिळाला. सालगड्याला आधार कशाच्या जोरावर मिळणार? त्याला रकानाच नव्हता.

इथे थोडे बाहेरच्या देशातले सांगतो, कारण ते आपल्या कामाचे आहे. इंग्लंडमध्ये वीस-पंचवीस घरांच्या शेतकरी वाड्यासुद्धा आपला आठ-नऊशे वर्षांचा इतिहास सांगू शकतात. ती माणसे आपल्यापेक्षा हुशार होती म्हणून नव्हे. तिथे कागद राहिला. १०८६ साली त्यांच्या राजाने सगळ्या मुलखाची पाहणी केली. कुठे किती नांगर, किती कुळे, किती दास, हे लिहून घेतले. करवसुलीसाठीच लिहिले, पण लिहिले. १५३८ पासून प्रत्येक चर्चने लग्ने, नामकरणे आणि दफने नोंदवायची असा हुकूम निघाला. त्यामुळे मजुराच्या पोराचे नावही वहीत लागले. १८३६ च्या एका कायद्यानंतर तर गावोगाव नकाशे झाले आणि शेताला नंबर, शेताचे नाव, मालक कोण, वहिवाट कोणाची, हे सगळे त्यांत आले. आणखी एक योगायोग. आपल्याकडे पोलीस ॲक्शन झाली त्याच १९४८ साली तिकडे लेस्टर शहरातल्या विद्यापीठ-महाविद्यालयात खेड्यापाड्यांच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. हॉस्किन्स नावाचे प्राध्यापक त्याचे प्रमुख होते. कुंपण, पायवाट, डबके पाहून गावाचे वय ओळखावे, असे ते विद्यार्थ्यांना शिकवत.

पण त्याच इंग्लंडची दुसरी बाजू आपण जास्त लक्षात ठेवावी. तिथेही गावाचे सामाईक रान असे. गरिबाची गाय त्यात चरे, सरपण तिथूनच येई. साधारण १७५० ते १८५० या शंभर वर्षांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून ती राने वाटून टाकली आणि त्यांना कुंपणे पडली. वाटणी झाली तेव्हा ज्याच्याकडे लेखी हक्क होता त्याला तुकडा मिळाला. ज्याची गाय नुसत्या वहिवाटीवर चरत होती तो हात हलवत घरी गेला आणि पुढे मजूर झाला. हे वाचले तेव्हा मला आपले गायरान आठवले.

गायरानाचे सगळ्यांना माहीत आहे, तरी नव्या पिढीसाठी लिहितो. गावच्या गुरांसाठी राखलेली ही पडीक जमीन बहुतेक ठिकाणी मुरमाड, खडकाळ, नांगर न लागणारी. भूमिहीन बौद्ध, मातंग, भटक्या कुटुंबांनी ती दगड वेचून पिकाखाली आणली. हे आपोआप झाले नाही. १९५३ साली तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा-खानदेशात झाला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तर सबंध देशात रिपब्लिकन पक्षाने तुरुंग भरून टाकले. पुढे १९७८ साली आणि मग २८ नोव्हेंबर १९९१ ला शासनाने निर्णय काढले. दुसऱ्या निर्णयाप्रमाणे १४ एप्रिल १९९० पूर्वी भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणे नियमित व्हायची होती. तारीख पाहिलीत ना? बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. पण निर्णय निघाला म्हणून जमीन नावावर झाली असे होत नाही. तुम्ही त्या तारखेच्या आधीपासून कसत होता, हे कागदाने सिद्ध करावे लागते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्याबद्दल कडक निकाल दिला, त्यातही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनीचा अपवाद ठेवला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात गायरानाचा विषय आला तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या. आपल्या किती घरांत त्या दिवसांत चूल पेटली नाही, ते मी पाहिले आहे.

असेच एक कुटुंब. गावाचे नाव देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. मानवतपासून सायकलीच्या अंतरावरची वाडी. घरची आजी ऐंशीच्या पुढची, मुलगा हमाली करणारा, नातू बारावी झालेला. चार एकर गायरान, त्यात तूर आणि कापूस. नोटीस आली तेव्हा नातू म्हणाला, आपल्याकडे काहीच कागद नाही. आजी म्हणाली, माझ्या पेटीत आहे. पत्र्याची पेटी उघडली. लुगड्याच्या घडीखाली एक जुने रेशनकार्ड, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, बाबासाहेबांचे एक छायाचित्र आणि रबरात गुंडाळलेल्या पाच-सहा पावत्या. दंडाच्या पावत्या! अतिक्रमण केले म्हणून तलाठ्याने आजोबांकडून वसूल केलेला दंड. सगळ्यात जुनी पावती १४ एप्रिल १९९० च्या बरीच आधीची होती. नातवाला वाटत होते की ही गुन्ह्याची निशाणी आहे, दाखवली तर आणखी फसू. मी त्याला म्हटले, अरे बाबा, सरकारने दंड घेतला म्हणजे त्या साली त्या जमिनीवर तुझा आजोबा होता हे सरकारनेच लिहून दिले. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

त्यानंतर आम्ही गाव नमुना एक-ई काढला. ही अतिक्रमणांची नोंदवही. त्यात आजोबांचे नाव होते, पण अर्धवट, आडनावाशिवाय. तेवढ्यावर 'हा माणूस दुसराच' असे म्हणायला वाव राहिला असता. मग शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाच्या नावापुढे वडिलांचे पूर्ण नाव, व्यवसाय आणि गाव सापडले. तिन्ही कागद एकत्र ठेवले तेव्हा माणूस उभा राहिला. प्रस्ताव तहसीलला दिला आहे. तो मंजूर होईल की नाही ते मला सांगता येत नाही. एवढे मात्र खरे की एका घराचा पन्नास वर्षांचा इतिहास एका संध्याकाळी आमच्यासमोर सतरंजीवर मांडला होता, आणि तो आजीने सांभाळला होता. तिला वाचता येत नाही. कोणता कागद कोणत्या साली कोणी आणला, हे तिला तोंडपाठ होते.

म्हणून माझी तरुण मंडळींना विनंती आहे की पेट्या उघडा, आणि पेटीबरोबर म्हाताऱ्या माणसांना बोलते करा. पण विचारायची पद्धत हवी. 'कोणत्या साली' असे विचारू नका, त्या माणसांना साल ठाऊक नसते. असे विचारा: रझाकाराच्या वेळी तुम्ही रांगत होता की गुरे वळत होता? बहात्तरच्या दुष्काळात थोरला कडेवर होता की शाळेत? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे घर बांधलेले होते का? १९४८, १९७२, १९९३, या खुंट्यांवर बाकीच्या सगळ्या गोष्टी टांगता येतात. आणि बायकांना आवर्जून विचारा. पुरुषाला मोर्चा आठवतो, बाईला मजुरी आठवते. खुरपणीला किती पैसे, सुगीला किती पायल्या ज्वारी, कोणत्या विहिरीवर ओंजळ धरून उभे राहावे लागे आणि कोणत्या साली पहिला हापसा आला, हे माझ्या अनुभवात बायकांनीच सांगितलेले आहे.

बहात्तरचे विचारले की सगळ्यांचे तोंड मोकळे होते. गावाला जोडणारा जो रस्ता आज डांबरी दिसतो, त्याखालची खडी कोणी फोडली? दुष्काळी कामावरच्या आमच्या आयांनी. सुकडी खाऊन, डोक्यावर पदर घेऊन, उन्हात बसून फोडली. पाझर तलावाची माती कोणी वाहिली? त्यांनीच. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. म्हणजे ज्या बाईला गावाच्या इतिहासात जागा नाही, तिच्या घामातून एक कायदा निघाला. पुढे २००५ मध्ये केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

पाण्याचे पाहा. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी केले. डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यापर्यंत आले. कालवा आला, ऊस आला, काळीचा भाव वाढला. ज्याच्याकडे काळी होती त्याचे घर माडीचे झाले. ज्याच्याकडे मुरमाड होते त्याला कालवा नुसता ओलांडायला मिळाला. आणि ऊस आला म्हणून ऊसतोड थांबली असेही नाही. दिवाळी झाली की आमच्यातली जोडपी कोयता घेऊन मुकादमाच्या गाडीत बसू लागली आणि पोरांची शाळा अर्ध्यावर तुटली. वाडीचा इतिहास लिहायचा तर कारखान्याच्या फडावर जन्मलेल्या पोरांची नावेही त्यात पाहिजेत. ती वाडीचीच पोरे आहेत.

कापसाचे वेगळे. मानवतची कापूसपेठ जुनी आणि नावाजलेली. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे झाली, मानवत रोड स्टेशन आले आणि इथला माल बाहेर जाऊ लागला. आसपासच्या वाड्यांतून बैलगाड्या पेठेत येत. गाडी हाकणारा, गासडी उचलणारा, जिनिंगमध्ये सरकी भरणारा माणूस कोठला? त्याच वाड्यांतला. त्यामुळे आपल्या वाडीचा निम्मा इतिहास मानवतच्या हमाल वस्तीत बसलेला आहे. तिथे जाऊन विचारल्याशिवाय वही पुरी व्हायची नाही.

वही लिहिताना एक पथ्य पाळावे लागेल. सोयीचे तेवढेच लिहायचे नाही. आपल्यावर झालेला अन्याय लिहायचाच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यांत आमची घरे जळाली, कित्येक कुटुंबे रातोरात शहराकडे गेली, ती परत आलीच नाहीत. कोणत्या घराची कोणती जागा मोकळी पडली, हे नावानिशी नोंदले पाहिजे. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला म्हणून ते पान फाडून टाकता येत नाही. पण त्याच दंगलीत एखाद्या कुणब्याने आमच्या बायकापोरांना आपल्या कडब्याच्या गंजीआड लपवले असेल तर तेही लिहा. आणि आपलेही लिहा. मिळालेली जमीन दारूपायी कोणी गहाण टाकली, भावाभावांनी कोर्टात किती एकर घातले, मातंग वस्तीतल्या बाईला आपल्या हापशावर आपण कसे वागवले. हे लिहायला जड जाते. पण पाटलाच्या वाड्याच्या गोष्टीत जसे फक्त मोठेपण असते, तशीच गोष्ट आपणही रचायची असेल तर मग एवढी मेहनत कशाला?

वस्तीच्या नावाचाही मुद्दा आहे. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलायचा निर्णय घेतला. योग्यच झाले. आमच्याकडे तर त्याआधीच कितीतरी वस्त्यांनी स्वतःहून भीमनगर, सिद्धार्थनगर अशी नावे लावली होती. पण जुन्या कागदात जुने नाव आहे. उद्या नातवाने जुना उतारा काढला तर ही आपलीच वस्ती, हे त्याला कळले पाहिजे. म्हणून पाटीवर नवे नाव आणि वहीत दोन्ही नावे. तक्क्याचेही तसेच. आज जिथे बुद्धविहार आहे तिथे बहुतेक वस्त्यांत पूर्वी तक्क्या होता, पंचायत बसे, पाहुणा उतरे. त्याचे विहार झाले तेव्हा वाळू कोणी आणली, विटा कोणी दिल्या, कोणी आठ दिवसांची मजुरी सोडली, ही नावे भिंतीवरच्या संगमरवरात नसतात. तिथे आमदारांचे नाव असते.

२०२३ पासून मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा फार बोलबाला झाला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जी दफ्तरे वर्षानुवर्षे कोणी उघडली नव्हती ती उघडली गेली. त्या मागणीबद्दल ज्याचे त्याचे मत असेल, इथे तो विषय नाही. पण जुन्या कागदात ताकद असते हे त्यामुळे सगळ्या महाराष्ट्राला कळले. आपल्यालाही जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि मग घरोघर धावपळ होते. ती धावपळ मुलाचा प्रवेश तोंडावर आल्यावर करण्यापेक्षा आत्ताच करावी. खासरा पाहणी पत्रक, जुने सातबारा, फेरफार आणि एक-ई यांच्या नकला रीतसर अर्ज करून, फी भरून मिळतात. आपला भाग पूर्वी पाथरी तालुक्यात होता, तेव्हा मानवतला नाही सापडले तर पाथरीला विचारावे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्जावर तसे लिहा. शाळेच्या रजिस्टरासाठी मुख्याध्यापकांना भेटा. पावत्यांची शाई उडत चालली आहे, त्यांच्या झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या, आणि मूळ कागद कोणत्याही मध्यस्थाच्या हातात देऊ नका, मग तो आपल्यातला का असेना.

त्या वाडीतल्या मुलांनी आता एक दोनशे पानी वही घातली आहे. पहिल्या पानावर गावाच्या चार शिवा लिहायच्या ठरल्या. नकाशावरून त्या उतरवता आल्या असत्या, पण मुलांनी वस्तीतल्या सगळ्यात वृद्ध बाबांना बरोबर घेतले. त्यांच्या वडिलांनी येसकरकी केलेली. नव्वदीला टेकलेला माणूस, एका डोळ्याने दिसत नाही. दोघांनी धरून मोटारसायकलीवर बसवले, जिथे गाडी जाईना तिथे चालवत नेले. ओढ्यापाशी बाबा थांबले. म्हणाले, इथे लिंबाचे झाड होते आणि झाडाखाली शिवेचा दगड. झाड नव्हते, दगडही नव्हता. कालव्याच्या चारीचे काम झाले तेव्हा दोन्ही गेले होते. बाबा थोडे मागे सरले, दूरच्या टेकाडाकडे तोंड केले, मनातल्या मनात काही मोजले आणि काठी जमिनीत रोवून म्हणाले, 'हितं.' मुलांनी ती जागा मोबाईलवर टिपून घेतली आणि बाबांना घेऊन पुढच्या बांधाकडे निघाली.